अतिनवतारे व त्यांची पारख

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. दुरून पाहिले तर सगळे ढीग सारखेच दिसतात. जाणकार मनुष्य मात्र पान हातात घेतो, चुरून पाहतो, वास घेतो आणि मगच माल कोणत्या प्रतीचा ते सांगतो. माल दिसणे निराळे आणि मालाची पारख होणे निराळे. आकाशाच्या अभ्यासातही नेमके असेच आहे. फरक इतकाच, की तेथील माल हातात घेता येत नाही. तो कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असतो आणि त्याच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचतो तो केवळ प्रकाश. त्या एवढ्याशा प्रकाशावरून स्फोट पावलेल्या ताऱ्याची पारख कशी करतात, हे सोप्या रीतीने सांगावे, असा आमचा विचार आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु त्याचे दोन धागे आपल्याच मुलखात, जमखंडी व कुरुंदवाड येथे, येऊन पोहोचतात, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

अतिनवतारा म्हणजे काय?

आकाशात कधी कधी एकाएकी नवा तारा उगवल्यासारखा दिसतो. जुन्या लोकांनी त्याला नवतारा म्हटले. त्यांतील काही इतके तेजस्वी असतात, की तो एकटा तारा अब्जावधी ताऱ्यांच्या अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीचा प्रकाश काही दिवस देतो. यालाच अतिनवतारा अथवा सुपरनोव्हा म्हणतात. हे नाव वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञांनी १९३४ साली रूढ केले. वस्तुतः येथे नवे काही जन्मलेले नसते. जो तारा पूर्वी आपल्या दृष्टीस पडण्याइतका तेजस्वी नव्हता, त्याच्या मरणाचा तो उजेड होय.

इ. स. १०५४ मध्ये वृषभ राशीत असा तारा दिसला. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता, अशी नोंद चिनी ज्योतिषांनी करून ठेवली आहे. त्याचा पसरलेला धूर, म्हणजेच खेकडा तेजोमेघ, आजही दुर्बिणीतून दिसतो. आपल्याकडे त्याची नोंद कोणी केली असेल काय, याचा शोध डॉ. जयंत नारळीकर व डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय ग्रंथांतून घेतला. परंतु निःसंदिग्ध म्हणावा असा उल्लेख त्यांस आढळला नाही. पुढे १५७२ व १६०४ साली असे तारे दिसले. १६०४ नंतर आपल्या आकाशगंगेतील एकही अतिनवतारा नुसत्या डोळ्यांनी पाहिला गेलेला नाही. एका दीर्घिकेत शंभर वर्षांत असे एक-दोन स्फोट होतात, असे सर्वसाधारण मान आहे. म्हणूनच एकाच घरासमोर वाट पाहत बसण्याऐवजी शास्त्रज्ञ हजारो दीर्घिकांवर एकदम पहारा ठेवतात.

ताऱ्याला असे मरण मुख्यतः दोन प्रकारे येते. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा इंधन संपले की आतल्या आत कोसळतो आणि त्याचे बाहेरचे थर उधळले जातात. हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार श्वेतबटूचा. सूर्यासारखा तारा विझून उरलेला हा लहानसा पण अतिशय दाट गोळा असतो. शेजारच्या ताऱ्याकडून त्याच्यात द्रव्य येऊन पडू लागले अथवा दोन बटू एकमेकांत मिसळले, की त्यातील कार्बन पेट घेतो आणि सबंध गोळाच उडून जातो. श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे जाऊ शकत नाही, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० च्या सुमारास गणिताने दाखविले. या दोन्ही मरणांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु दुरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी दिसतो तो एकच पांढुरका ठिपका. मग कोणता ठिपका कोणत्या घराण्यातला, हे कसे ओळखावे?

मिठाची ज्योत आणि जमखंडीचे ग्रहण

या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत क्षणभर झगझगीत पिवळी होते, हे आम्ही लहानपणी पुष्कळदा पाहिले आहे. मिठात सोडियम असते आणि तापलेले सोडियम ठराविक पिवळा प्रकाश देते. तो प्रकाश लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्याचा सलग पट्टा न दिसता पिवळ्या जागी जवळजवळच्या दोन रेषा दिसतात. त्यांची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा त्याच्या स्वतःच्याच असतात. दुसऱ्याशी त्या तंतोतंत जुळत नाहीत. हे किर्खहोफ व बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९–६० साली सिद्ध केले. तप्त विरळ वायू स्वतः प्रकाशत असेल तर रेषा उजळ दिसतात. तोच वायू अधिक तप्त वस्तूच्या पुढे आला तर त्याच जागी काळ्या रेषा पडतात. प्रकाशाच्या या पसरलेल्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात.

ही विद्या नवीन असतानाच १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. ग्रहणाचा पट्टा आपल्या मुलखावरून पुढे गुंटूर व मच्छलीपट्टणकडे गेला. त्या वेळी जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते गाव बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने वर्णपटदर्शक लावला होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. दिवस पावसाळ्याचे, आकाशात ढग. तरीही मिळालेल्या संधीत सूर्याच्या कडेवरील ज्वाळांकडे त्याने यंत्र वळविले आणि तीन ठळक रेषा पाहिल्या: एक तांबडी, एक नारिंगी व एक निळी. सूर्याच्या त्या ज्वाळा तप्त वायूच्याच असल्या पाहिजेत, हे यावरून निश्चित झाले. विजापुरास कॅप्टन हेग व गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन हेही त्याच दिवशी असेच निरीक्षण करीत होते.

या नारिंगी रेषेत मोठी मौज आहे. हर्शेलला ती मिठाची, म्हणजे सोडियमचीच, रेषा वाटली. त्याच्या यंत्राच्या ताकदीपुरते त्याचे म्हणणे वावगे नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर याने इंग्लंडात, ग्रहण नसताना, ती रेषा अधिक काटेकोरपणे मोजली, तेव्हा ती सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली निघाली. तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी ती जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम म्हणू लागले, आणि १८९५ साली विल्यम रॅम्झे याने हेलियम पृथ्वीवरील खनिजातून वेगळे करून दाखविले. हा शोध विजयदुर्गावर लागला, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगतात. लॉकियर विजयदुर्गास आला होता हे खरे. परंतु ते १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी, म्हणजे तीस वर्षांनंतर. असो. जमखंडीचा धडा असा, की एक-दीड नॅनोमीटरच्या फरकाने सोडियमचे हेलियम होते. हा धडा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

रेषांवरून घराणी

अतिनवताऱ्यांच्या वर्णपटांची पद्धतशीर वर्गवारी रुडॉल्फ मिन्कोव्स्की याने १९४१ साली केली. त्याची कसोटी सरळ होती. वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा आहेत काय? नसतील तर वर्ग पहिला. असतील तर वर्ग दुसरा. पुढे पहिल्या वर्गाचे तीन पोटभाग करावे लागले. विद्यार्थ्यांनी ही उतरंड अशी लक्षात ठेवावी.

हायड्रोजन नाही, पण सिलिकॉनची रुंद काळी रेषा आहे: वर्ग एक-अ. हा श्वेतबटूचा स्फोट होय.

हायड्रोजन नाही, सिलिकॉनची ती ठळक रेषाही नाही, परंतु हेलियम आहे: वर्ग एक-ब. हा मोठा तारा असतो; मरणापूर्वीच त्याचे हायड्रोजनचे पांघरूण वाऱ्याने अथवा जोडीदार ताऱ्याने ओढून नेलेले असते.

हायड्रोजन नाही आणि हेलियमही दिसत नाही: वर्ग एक-क. येथे दुसरे पांघरूणही गेलेले असते.

हायड्रोजन आहे: वर्ग दोन. हा मोठा तारा पांघरुणासकट कोसळलेला असतो. यांतील पुष्कळांचे तेज सुमारे तीन महिने जवळजवळ एकाच पातळीवर टिकून राहते आणि मग झपाट्याने उतरते.

वर्णपटावरून स्फोटाचा वेगही कळतो. एस. टी. शिट्टी वाजवीत आपल्याकडे येताना तिचा आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेल्यावर खाली उतरतो. प्रकाशाचेही तसेच आहे. सिलिकॉनची जी रेषा प्रयोगशाळेत ६३५.५ नॅनोमीटरवर असते, ती एक-अ वर्गाच्या वर्णपटात, तेज कळसाला असताना, सुमारे ६१५ वर सापडते. गणित केले तर द्रव्य आपल्या दिशेने सेकंदाला सुमारे दहा हजार किलोमीटर वेगाने येत आहे, असे निघते. हे आम्ही वाचकांवरच सोपवितो. त्रैराशिक येणाऱ्या कोणालाही ते करता येईल. सरकलेल्या अंतराला मूळ तरंगलांबीने भागावे आणि प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लक्ष किलोमीटरने, गुणावे.

आता जमखंडीच्या धड्याकडे वळू. एक-ब व एक-क यांतील फरक हेलियमवर अवलंबून आहे आणि हेलियमची ठळक रेषा तीच, ५८७.६ ची. स्फोटाच्या वेगामुळे रेषा रुंद होतात, सरकतात आणि सोडियमच्या रेषांत मिसळून जातात. हर्शेलला जो घोटाळा पडला तोच आजच्या निरीक्षकालाही पडतो. त्यावर उपाय असा, की एकाच साक्षीदारावर विसंबू नये. हेलियमच्या ६६७.८ व ७०६.५ नॅनोमीटरच्या रेषाही त्याच प्रमाणात सरकलेल्या सापडतात काय, ते पाहावे; सापडल्या तरच हेलियम म्हणावे.

आणि एकदा पाहून भागत नाही. मार्च १९९३ मध्ये एम ८१ या दीर्घिकेत एक अतिनवतारा सापडला. प्रथम त्यात हायड्रोजन दिसला म्हणून तो दुसऱ्या वर्गात गेला. काही आठवड्यांनी हायड्रोजन मावळत गेला आणि हेलियम वर आले. त्या ताऱ्याचे पांघरूण पार गेलेले नव्हते, विरून पातळ झाले होते. अशांसाठी दोन-ब हा वर्ग ठेवला आहे.

शोध कसा लावतात?

पारखीच्या आधी शोध लागावा लागतो. त्याची रीत ऐकायला साधी आहे. आकाशाच्या एका भागाचे आज छायाचित्र घ्यायचे आणि त्यातून त्याच भागाचे जुने छायाचित्र वजा करायचे. जे बदलले नाही ते पुसले जाते. जे नवे आहे ते उरते. उरलेल्यांत लघुग्रह असतात, नुसते तेज बदलणारे तारे असतात आणि यंत्राचे दोषही असतात. ते गाळून राहिलेला ठिपका अतिनवतारा असण्याचा संभव असतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांत डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९५६ साली कुरुंदवाडचा. पंचगंगा-कृष्णेच्या संगमाजवळचे हे गावही जमखंडीप्रमाणेच पूर्वी पटवर्धनांचे संस्थान होते. बालपण हुबळीस गेले. पुढे दिल्लीची आय. आय. टी. व नंतर अमेरिकेतील बर्कले येथे त्यांचे शिक्षण झाले. लेखिका सुधा मूर्ती यांचे ते धाकटे बंधू. कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेत त्यांनी पालोमार पर्वतावरील ४८ इंची दुर्बिणीचा उपयोग करून सबंध उत्तर आकाशाचा पहारा उभा केला. २०१८ पासून झ्विकीच्या नावाने चाललेल्या या पाहणीचा कॅमेरा एका वेळी ४७ चौरस अंश आकाश टिपतो. पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र त्यात मावतील. दोन-तीन रात्रींत दिसणारे सगळे उत्तर आकाश पुन्हा एकदा पाहून होते.

आमच्या मते या योजनेतील शहाणपण पुढेच आहे. त्याच डोंगरावरील ६० इंची दुर्बिणीवर एक वर्णपटलेखक बसविला आहे. त्याचे वर्णपट फार बारकाईचे नसतात. परंतु घराणे ओळखण्यापुरते काम ते झटपट करतात. ठिपका सापडला की त्याचा वर्णपट घ्यायचा आणि वर्ग ठरवायचा, हे काम रात्रीमागून रात्र चालू राहिले. एक-अ वर्गाचे वर्णपट २०२१ पासून संगणकही वाचू लागला. अशा रीतीने तेजस्वी अतिनवताऱ्यांच्या या पाहणीत वर्ग निश्चित झालेल्यांची संख्या २०२४ च्या अखेरीस दहा हजारांपलीकडे गेली. त्याच वर्षी डॉ. कुलकर्णी यांना शॉ पारितोषिक मिळाले.

पारख चुकली तर काय बिघडते?

आकाशातल्या ठिपक्याला अ म्हटले काय किंवा ब म्हटले काय, आपले काय अडते, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

पहिली गोष्ट अशी, की एक-अ वर्गाचे स्फोट जवळजवळ एकसारख्या तेजाचे असतात. जो थोडा फरक असतो तो त्यांचे तेज किती लवकर उतरते यावरून सुधारता येतो. दिव्याचे खरे तेज ठाऊक असेल तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. या मापाने १९९८ साली दोन गटांनी दाखविले, की विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत आहे. त्यासाठी २०११ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. नारळीकरांनी (१९३८–२०२५) या निष्कर्षावर शंका घेतली होती. दूरचे तारे मंद दिसतात ते वाटेतील धातूच्या सूक्ष्म धूलिकणांमुळे, असे त्यांचे व सहकाऱ्यांचे प्रतिपादन होते. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते मानले नाही. तथापि दोन्ही पक्षांचा वाद ज्या मापावर चालला, ते माप वर्णपटाने निवडलेल्या ताऱ्यांचे होते. मापांत भलतेच तारे मिसळले तर दोघांचेही गणित चुकले असते.

दुसरी गोष्ट घरातली. आपल्या रक्तातील लोह, तव्याचे लोखंड, हाडांतील कॅल्शियम, श्वासातील ऑक्सिजन ही द्रव्ये ताऱ्यांत घडली आणि बहुतांशी अशा स्फोटांनी अंतराळात विखुरली. एक-अ वर्गाच्या स्फोटात निकेल तयार होते, त्याचे कोबाल्ट होते आणि कोबाल्टचे लोखंड. ऑक्सिजन मुख्यतः मोठ्या ताऱ्यांनी दिला. कोणत्या घराण्याने काय व किती दिले, याचा जमाखर्च मांडायचा तर आधी घराणी नीट ओळखता आली पाहिजेत.

परंतु येथेच मोठी अडचण उभी आहे. जगभरातून दर वर्षी कळविल्या जाणाऱ्या हजारो ठिपक्यांपैकी सुमारे दहांत एकाचाच वर्णपट घेतला जातो. बाकीचे ओळखीवाचून विझून जातात. चिली देशातील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिच्यामुळे सापडणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढेल. ओळखणारी यंत्रे व माणसे मात्र त्या मानाने थोडीच राहतील. छायाचित्र क्षणात निघते. वर्णपटासाठी तोच क्षीण प्रकाश शेकडो भागांत वाटावा लागतो, म्हणून मोठी दुर्बीण व अधिक वेळ लागतो.

आपल्या देशातही हे काम चालते. लडाखातील हान्ले येथे ४५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. ती बंगळूरजवळील होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालविली जाते. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटरची दुर्बीण जुन्नरच्या बाजूस गिरवली येथे २००६ पासून आहे. दोन्हींवर वर्णपट घेण्याची सोय केलेली आहे. जानेवारी २०१४ मध्ये एम ८२ दीर्घिकेत सापडलेल्या अतिनवताऱ्याचे वर्णपट हान्लेहूनही घेण्यात आले. त्या ताऱ्याचा शोध लंडनमधील एका शिक्षकाला व चार विद्यार्थ्यांना लागला होता. आकाशात ढग भरून येत होते, म्हणून ठरलेला पाठ सोडून त्यांनी दुर्बीण या दीर्घिकेकडे वळविली. दुसऱ्याच दिवशी वर्णपटाने तो एक-अ वर्गाचा ठरला. जमखंडीस ढग होते, लंडनलाही होते; यंत्रापाशी माणूस होता म्हणून काम झाले.

घरी करून पाहावे

विद्यार्थ्यांसाठी एक छोटा प्रयोग सांगून हा लेख पुरा करतो. गाण्याची जुनी सी. डी. घ्यावी. खोलीत अंधार करून निरांजनाचा उजेड तिच्यावर तिरका पडू द्यावा व परावर्तित रंग पाहावेत; सलग पट्टा दिसेल. नंतर जुन्या नळीच्या दिव्याचा उजेड तसाच पाहावा. हिरवा, निळा असे रंग तुटक, वेगवेगळे उमटतील. त्यानंतर वडील मंडळींना जवळ घेऊन, ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून पाहावे. पिवळा रंग एकदम उसळेल. सूर्याचा प्रकाश मात्र अशा रीतीने डोळ्यांत कधीही घेऊ नये. काय पाहिले ते तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवावे. हर्शेलनेही जमखंडीस पाहिले तसे लिहून ठेवले, आणि नाव चुकले तरी त्याच्या नोंदीचे मोल राहिले.

हिवाळ्यात निपाणी-चिकोडीकडच्या शेतांतून, गावचे दिवे मागे टाकून पूर्वेकडे पाहिले, की मृगाच्या आकृतीत तांबूस रंगाचा काक्षी तारा दिसतो. तो मोठा आहे, म्हातारा आहे आणि त्याचा शेवट अतिनवताऱ्यानेच व्हायचा आहे. उद्या होईल की लाख वर्षांनी, हे सांगता येत नाही. ज्या दिवशी होईल, त्या दिवशी तो सर्वांनाच दिसेल. त्याच्या उजेडातील रेषा वाचणारी मुले तोवर आपल्याही गावांतून तयार झालेली असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.